नोकरी राहिली, पण पगार वाढायचा थांबला तर?

ज्यांनी हा भाग लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये किंवा भांडी घासता घासता ऐकला त्यांचे आभार. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लेखी भाग. बोलताना जे आकडे भराभर सांगितले ते इथे जरा नीट मांडलेत, म्हणजे मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडून तुम्हाला ते ताडून बघता येतील.

आजचा विषय आहे जनरेटिव्ह एआय आणि आपलं आर्थिक स्वातंत्र्य. यावर दोन प्रकारचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. एकात सांगतात की दोन वर्षांत सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार. दुसऱ्यात सांगतात की एआय वापरून घरबसल्या महिन्याला लाखभर कमवा, कोर्सची लिंक खाली आहे. दोन्ही बघून झाल्यावर आपल्या हातात काही पडत नाही.

मला आज तिसरा प्रसंग घ्यायचाय. जरा कंटाळवाणा आहे, पण मला तो जास्त शक्य वाटतो. तुमची नोकरी जात नाही. तुम्ही रोज लॉगिन करता, मीटिंगा करता, महिन्याच्या शेवटी पगार येतो. फक्त तो वाढायचा थांबतो. एवढ्याशा गोष्टीने आपल्या प्लॅनचं काय होतं ते बघू.

आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे नक्की किती?

सोपी व्याख्या: पगार बंद झाला तरी साठवलेल्या पैशांवर घर चालतं, ती स्थिती. यासाठी जगभर एक ठोकताळा वापरतात, वर्षाच्या खर्चाच्या २५ पट. याचं मूळ विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराच्या १९९४ च्या लेखात आहे. अमेरिकेच्या बाजाराचे जुने आकडे घेऊन त्याने दाखवलं की पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली, तर पैसे निदान ३० वर्षं पुरले असते. ४ टक्के म्हणजेच २५ पट.

आता हे आकडे अमेरिकेचे, आणि मुदत ३० वर्षांची. आपल्याकडे महागाई जास्त असते आणि चाळिशीत थांबायचं म्हटलं तर पुढे चाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात. म्हणून बरेच जण ३० पट किंवा त्याहून जास्त धरतात. महिन्याचा खर्च ४० हजार असेल तर वर्षाचे झाले ४ लाख ८० हजार. २५ पट म्हणजे १ कोटी २० लाख, ३० पट म्हणजे १ कोटी ४४ लाख.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता एसआयपीचा कॅल्क्युलेटर उघडा. महिन्याला २० हजार, २० वर्षं, वर्षाला १० टक्के परतावा धरला. उत्तर येतं साधारण १ कोटी ५२ लाख. त्याच कॅल्क्युलेटरमध्ये 'स्टेप-अप' नावाचं एक बटण असतं. ते दाबून सांगा की दरवर्षी मी एसआयपी १० टक्क्यांनी वाढवणार. उत्तर येतं साधारण ३ कोटी २० लाख. दुपटीपेक्षा जास्त!

हा जो फरक आहे, पावणेदोन कोटींच्या आसपासचा, तो बाजारातून आलेला नाही. परतावा दोन्हीकडे तोच होता. तो आला 'माझा पगार दरवर्षी वाढणार' या एका गृहीतकातून. आपण शेअर बाजाराच्या जोखमीवर तासन् तास बोलतो, पण या गृहीतकाला कुणी जोखीम म्हणतच नाही. एआयचा धक्का सगळ्यात आधी बसू शकतो तो इथे.

एआय नेमकं काय काम उचलतं?

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि हा विषय घराघरात पोचला. आतली कल्पना सांगायला सोपी आहे. प्रचंड मजकूर दाखवून मॉडेलला शिकवलेलं असतं की आतापर्यंत हे शब्द आलेत, तर पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता जास्त. एक तुकडा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. तेवढ्यावर ते ईमेल लिहितं, कोड लिहितं, कराराचा सारांश काढतं. आणि त्याच कारणाने कधीकधी अगदी ठामपणे चुकीचंही सांगतं, कारण 'शक्य वाटणारं' आणि 'खरं' यात फरक असतो.

यातून एक गोष्ट समजते. ज्या कामाचे नमुने जगात भरपूर आहेत आणि ज्याचं उत्तर बरोबर की चूक हे पटकन तपासता येतं, ते काम एआयला सोपं जातं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तर तिथलं उदाहरण देतो. ठरावीक पद्धतीचे टेस्ट केस लिहिणं, एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत नेणं, जुन्या फंक्शनचं डॉक्युमेंटेशन. ही कामं आता टूल करतं आणि माणूस तपासतो. पण 'क्लायंट मागतोय एक आणि त्याला हवंय दुसरंच' हे ओळखणं, किंवा रात्री दोन वाजता पेमेंट अडकलं तर कुठला बदल मागे घ्यायचा हे ठरवणं, आणि सकाळी त्याचं उत्तर देणं, हे अजून माणसाकडेच आहे.

म्हणजे नोकरी हा एक गठ्ठा आहे. त्यात वीस-पंचवीस छोटी कामं बांधलेली असतात. एआय गठ्ठा उचलत नाही, त्यातली काही कामं काढून घेतं. उरलेल्या गठ्ठ्याला बाजार किती पगार द्यायला तयार आहे, हा खरा प्रश्न.

अभ्यास काय सांगतात?

तीन अभ्यास लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण ते तीन वेगळ्या दिशांना बोट दाखवतात.

पहिला, एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांचा, २०२३ मध्ये आलेला. कस्टमर सपोर्टच्या ५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचे आकडे बघितले, त्यांतल्या काहींना एआयची मदत दिली होती. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या लोकांमध्ये ही वाढ ३४ टक्क्यांच्या आसपास होती आणि मुरलेल्यांमध्ये फारच थोडी. कारण मुरलेल्यांची पद्धत टूलने शिकून नवख्यांच्या हातात दिली होती.

दुसरा, मेटर नावाच्या संस्थेचा, जुलै २०२५ चा. १६ अनुभवी प्रोग्रॅमर, स्वतःच्या ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांत काम करणारे. एआय टूल वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं. नमुना छोटा आहे आणि टूल तेव्हाची आहेत, पण 'वाटणं' आणि 'मोजणं' यातली दरी लक्षात येते.

तिसरा, ऑगस्ट २०२५ चा, स्टॅनफर्डचा. अमेरिकेतल्या पगारपत्रकांचे आकडे घेऊन त्यांनी बघितलं की ज्या कामांत एआयचा शिरकाव सगळ्यात जास्त आहे, तिथे २२ ते २५ वयाच्या मुलामुलींच्या नोकऱ्या इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटल्या. त्याच कामांतल्या मोठ्या वयाच्या लोकांच्या नोकऱ्या टिकल्या किंवा वाढल्या.

पहिला आणि तिसरा शेजारी ठेवून वाचा. एआय नवख्याला जास्त मदत करतं, आणि तरी नोकरी नवख्यालाच कमी मिळते. विरोधाभास वाटतो ना? पण कंपनीच्या बाजूने बघितलं तर नाही. नवखा माणूस आणि टूल मिळून दोघांचं काम होत असेल, तर दोन नवखे कशाला घ्यायचे?

वाचलेला वेळ कोणाच्या खिशात जातो?

आता आपल्याकडे येऊ. हिंजवडी, खराडी, ऐरोली, बेंगळुरू, हैदराबाद. आपल्या आयटी सर्व्हिस कंपन्यांचा धंदा बराचसा पिरॅमिडवर चाललाय. वर थोडे आर्किटेक्ट आणि मॅनेजर, मध्ये टीम लीड, खाली फ्रेशर्सचा मोठा थर. क्लायंटला बिल लागतं माणसांच्या तासांचं. खालचा थर स्वस्त, म्हणून नफा.

या खालच्या थराचा पगार कितीतरी वर्षं फारसा हललेला नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षांपूर्वीही तीन-सव्वातीन लाखांच्या घरात होतं आणि आजही साधारण साडेतीन लाखांच्या आसपास फिरतं. हे एआय यायच्या आधीपासूनचं आहे. खाली मुलं भरपूर आणि जागा मोजक्या, एवढंच कारण पुरेसं होतं.

आता समजा एआयमुळे दहा तासांचं काम सात तासांत झालं. वाचलेले तीन तास कोणाचे? क्लायंट म्हणतो, मग बिल सात तासांचंच लावा. कंपनी म्हणते, उरलेल्या तीन तासांत दुसऱ्या प्रोजेक्टचं काम कर. पगारदार माणसाच्या वाट्याला यातलं आपोआप काहीच येत नाही. मागून घेतलं तर थोडं येतं, आणि मागायची ताकद त्याचीच असते ज्याच्या जागी दुसरा पटकन बसवता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपले साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असं जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. कंपनीने सांगितलं की कारण एआय नाही, कौशल्यं आणि गरज यांचा मेळ बसत नाही हे आहे. ते तसंच धरू. पण 'वरच्या फळीत पोचलो की सुटलो' हे गृहीत धरून ज्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलंय, त्यांनी या बातमीतली 'मधल्या आणि वरच्या फळीतले' ही जागा पुन्हा वाचावी.

फ्रीलान्सरचं गणित जरा वेगळं आहे. मराठी भाषांतर करणारी मुलगी घ्या. तिला शब्दांवर पैसे मिळतात. टूल आल्यावर पहिले काही महिने मजा येते, दिवसाला दुप्पट शब्द होतात. मग एजन्सीलाही टूल मिळतं. ती म्हणते, मशीनने केलेलं आम्हीच पाठवतो, तुम्ही फक्त सुधारून द्या, आणि सुधारण्याचा दर कमी असतो. मराठीत मशीन अजून ठेच खातं, लिंग-वचनात गडबड करतं, म्हणून सुधारायला वेळ लागतो. पण दर ठरवताना तो वेळ कुणी मोजत नाही. जे टूल सगळ्यांकडे आहे, त्याचा फायदा दरात विरघळून जातो. लोगो बनवणारे, व्हिडिओ एडिट करणारे, गल्लीतले डीटीपीवाले, सगळ्यांना हेच लागू आहे.

"संगणक आला तेव्हाही असंच म्हणत होते"

हे वाक्य घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. आणि ते खोटं नाही. १९८० च्या दशकात बँकांमध्ये संगणक आणायला कर्मचारी संघटनांचा कडाडून विरोध होता. पुढे संगणक आले, बँका वाढल्या, आणि त्याच संगणकांवर आपली आख्खी आयटी उभी राहिली.

पण आपल्याच मुंबईत दुसरी गोष्टही आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तिथे कारण नवीन मशीन नव्हतं. पगार, बोनस, मालकांची धोरणं, सरकारचे कायदे, बरंच काही होतं. मी ही गोष्ट सांगतोय ती शेवटासाठी. देशात कापड विणायचं थांबलं नाही. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर ते विणलं जातच राहिलं. धंदा टिकला. पण परळ-लालबागच्या हजारो घरांतला पगार कायमचा गेला.

सरासरीने देशाचं भलं होतं, यावर माझा विश्वास आहे. पण तुमचा ईएमआय सरासरीतून कापला जात नाही, तुमच्या खात्यातून कापला जातो, आणि तो दर महिन्याच्या पाच तारखेला. देशाला नवीन कामं तयार करायला दहा वर्षं लागली तरी चालतात. बँक तीन महिन्यांत दारात येते.

आता हिशोब

एक उदाहरण घेऊ. वय ३०, पुण्यात नोकरी, हातात येणारा पगार १ लाख १० हजार. वाकडला फ्लॅट घेतला, कर्ज ६० लाख, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. ईएमआय येतो साधारण ५२ हजार. २० वर्षांत एकूण सव्वा कोटीच्या आसपास भरायचे, त्यातलं व्याजच जवळपास ६५ लाख. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात तर व्याज ४२ हजार ५०० आणि मुद्दल जेमतेम साडेनऊ हजार.

घरखर्च ३८ हजार. म्हणजे ५२ आणि ३८ मिळून ९० हजार गेले, २० हजार उरले. तेच आपले एसआयपीचे २० हजार. घरचे म्हणतात, "अरे, आत्ता जड वाटेल, पगार वाढला की हप्ता कळणारसुद्धा नाही." आणि पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला तर त्यांचं अगदी बरोबर आहे. दहा वर्षांनी पगार २ लाख ३७ हजार होतो. घरखर्च ५ टक्के महागाईने ६२ हजारांवर जातो, हप्ता तोच ५२ हजार. महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास उरतात. मस्त.

आता पगार १ लाख १० हजारांवरच ठेवा. नोकरी शाबूत, फक्त वाढ शून्य. महागाई तीच ५ टक्के. पाच वर्षांनी घरखर्च साडेअठ्ठेचाळीस हजार होतो, उरतात साडेनऊ हजारांच्या आत. आठ वर्षांनी उरतात अठराशे रुपये. नऊ वर्षांनी घरखर्च आणि हप्ता मिळून १ लाख ११ हजार होतात. पगारापेक्षा जास्त. आणि कर्जाची ११ वर्षं अजून बाकी.

बघा, कुणी काढलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, मुलाच्या शाळेची फीसुद्धा मी यात धरलेली नाही. तरी नवव्या वर्षी घर तुटीत गेलं. पगार अगदी शून्यानेच वाढेल असं मी म्हणत नाही. ३ टक्के, ४ टक्के वाढेल कदाचित. पण महागाईपेक्षा कमी वाढणारा पगार म्हणजे दरवर्षी थोडा कमी होणारा पगारच, फक्त अप्रेझलच्या पत्रात तो वाढलेला दिसतो.

याला आणखी एक पदर आहे. आजकाल बरीच कर्जं नवरा-बायको दोघांच्या पगारावर घेतलेली असतात, आणि दोघंही आयटीत. फ्लॅट आयटी पार्कच्या शेजारी, म्हणजे त्याचं भाडं आणि किंमतही आयटीवर. कंपनीचे शेअर मिळालेत तेही आयटीचे. गंगाजळी, घर, दोन्ही पगार, सगळं एकाच खुंटीवर टांगलेलं. खुंटी हलली तर सगळं एकदम हलतं. म्युच्युअल फंडात चार वेगवेगळे फंड घेऊन आपण म्हणतो की जोखीम वाटून टाकली. खरी जोखीम तर घरात जेवायला बसलेली असते!

कोटी नंतर, आधी महिने

म्हणून माझं म्हणणं असं: या काळात २५ पट की ३० पट यावर वाद घालण्याआधी एक छोटा आकडा काढा. आत्ता पगार थांबला तर हातातल्या पैशांवर किती महिने निघतील? त्याला मी साधं 'महिने' म्हणतो.

वरच्या उदाहरणात महिन्याची गरज ९० हजार. १२ महिन्यांसाठी लागतात १० लाख ८० हजार. महिन्याला २० हजार उरतात, म्हणजे एवढे जमायला ५४ महिने, साडेचार वर्षं. डाउन पेमेंटमध्ये आधीची बचतही गेलेली असते, त्यामुळे सुरुवात शून्यातून.

तोच माणूस भाड्याने राहिला असता तर? भाडं २२ हजार, घरखर्च ३८ हजार, गरज ६० हजार. उरतात ५० हजार. १२ महिन्यांसाठी लागतात ७ लाख २० हजार, ते १५ महिन्यांत जमतात. खर्च कमी असण्याचा असा दुहेरी फायदा होतो: जमतातही लवकर आणि पुरतातही जास्त.

घर घेऊच नका असा याचा अर्थ काढू नका. भाडं दरवर्षी वाढतं, घरमालक कधीही 'खाली करा' म्हणू शकतो, आणि आईवडिलांना स्वतःच्या घरात ठेवण्याची किंमत कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. आधी बारा महिने, मग घर. आणि घर घेताना बँक जेवढं देते तेवढं नाही, तर दोघांपैकी एकाच्या पगारात हप्ता आणि किराणा निघेल एवढंच.

ज्यांचं कर्ज आधीच आहे त्यांनी काय करायचं? बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक असेल तर मुदतीआधी पैसे भरल्यावर बँकेला दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. पण बोनस आला की लगेच सगळा कर्जात टाकायची घाई करू नका. कर्जात टाकलेला पैसा अडचणीच्या वेळी बँक परत देईलच असं नाही. आधी महिने भरा, मग मुद्दल. हा महिन्यांचा पैसा एफडीत किंवा लिक्विड फंडात राहू दे, शेअरमध्ये नको. एफडी असेल तर लक्षात ठेवा, ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे. त्यापुढची रक्कम दुसऱ्या बँकेत.

आणि आरोग्य विमा स्वतःचा घ्या. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीसोबत जातो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. तिशीत स्वतःची पॉलिसी मिळणं सोपं असतं, बीपी-शुगर मागे लागल्यावर तेवढं सोपं राहत नाही.

आणि कामाचं काय?

खर्च आवरून एका मर्यादेपर्यंतच जाता येतं. पगाराच्या बाजूलाही काहीतरी करायला हवंच. 'एआय शिका' हा सल्ला मी देणार नाही. ते टूल वापरायला आठवड्याभरात येतं, आणि जे सगळ्यांना आठवड्याभरात येतं त्याचे जास्त पैसे मिळत नाहीत.

त्याऐवजी स्वतःच्या गठ्ठ्यातली कामं कागदावर लिहून काढा. प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: हे चुकलं तर जाब कोणाला विचारतात? सीए ताळेबंदावर सही करतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर नकाशावर सही करतो, डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर. मसुदा उद्या मशीनने केला तरी सही माणसाचीच लागते, कारण जबाबदारी घ्यायला कुणीतरी हवं असतं. आपल्या क्षेत्रातही अशा 'सह्या' असतात, फक्त त्यांना शिक्का नसतो. प्रॉडक्शनला बदल कोण सोडतं? क्लायंटला तारीख कोण देतं? ऑडिटर आला की कोणाला बोलावतात? त्या जागांकडे सरका.

दुसरं, एक क्षेत्र खोलात शिका. नुसता 'जावा येतं' म्हणणाऱ्यापेक्षा 'सहकारी बँकेची व्याज-आकारणी कशी चालते हे मला कळतं, आणि जावाही येतं' म्हणणारा वेगळा. जीएसटी, साखर कारखान्याची ऊस-नोंद, हॉस्पिटलचे विमा-दावे, ही माहिती इंटरनेटवर अर्धवट आहे आणि लोकांच्या डोक्यात जास्त आहे. म्हणजेच मॉडेलला तिचे नमुने कमी मिळालेत.

आणि जे नुकतेच पास झालेत त्यांच्यासाठी: तुमच्यासमोरची अडचण खरी आहे, स्वतःला दोष देऊ नका. पायरीच अरुंद झाली आहे. शिकायची जी छोटी कामं होती तीच टूलने उचलली. म्हणून पहिल्या नोकरीत पॅकेजमधल्या पन्नास हजारांच्या फरकापेक्षा हे बघा की तुमचं काम तपासून 'इथे का चुकलं' हे सांगणारं कुणी तिथे आहे का. तिशीत तुमचा पगार त्या माणसाने शिकवलेल्या गोष्टींवर ठरणार आहे.

घरी करायचा अभ्यास

हा भाग संपल्यावर मोबाइलच्या नोट्समध्ये तीन ओळी लिहा. एक, महिन्याला काहीही झालं तरी भरावेच लागतात ते पैसे. दोन, आठ दिवसांत हातात येऊ शकतील असे एकूण पैसे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा, ते तुमचे महिने. तीन, पगार आजच्या आकड्यावर थांबला आणि खर्च ५ टक्क्यांनी वाढत राहिला तर कितव्या वर्षी तूट येते. लग्न झालं असेल तर हे दोघांनी मिळून करा, आणि एकाचाच पगार धरून पुन्हा एकदा करा.

महिने तीनच्या आत असतील तर घाबरू नका, पण नवीन हप्ता घेऊ नका, फोनचासुद्धा. सहाच्या वर असतील तर अप्रेझलच्या खोलीत तुमचा आवाज आपोआप जरा स्थिर येतो. बाराच्या वर असतील तर नकोशा कामाला 'नाही' म्हणता येतं, किंवा तीन महिने थांबून काहीतरी नवीन शिकता येतं. १ कोटी ४४ लाख व्हायला अजून पंधरा वर्षं लागोत, स्वातंत्र्याचा हा पहिला हप्ता मात्र दीड-दोन वर्षांत मिळू शकतो.

तुमचे महिने किती निघाले ते कळवा, आकडा सांगायचा नसेल तर नुसतं 'काढले' एवढं सांगितलंत तरी चालेल. पुढच्या भागात टर्म इन्शुरन्स आणि आईवडिलांचा आरोग्य विमा यावर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू!